नवें कर्नेल, जुनें कर्नेल

घरच्या संगणकाविषयीं जीं पत्रें आमच्याकडे येतात, त्यांत एका तक्रारीचें प्रमाण अलीकडे बरेंच वाढलें आहे. रात्रीं यंत्र सुरळीत चालत होतें. 'नवी सुधारणा आली आहे, घ्यावयाची काय?' असें त्यानें विचारलें. घरांतील कोणी तरी 'हो' म्हटलें. आणि सकाळीं यंत्र चालू करतात तों काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी उमटून सर्व कारभार थांबला. एका वाचकांनीं याच्या पुढची हकीकत कळविली आहे, ती वाचून आम्हांस फार वाईट वाटलें. त्यांच्या वडील बंधूंनीं घराण्याच्या कुलवृत्तांतासाठीं नऊ वर्षें खपून जमविलेलीं टिपणें, जुन्या दस्तऐवजांच्या प्रतिमा, गांवोगांवच्या आप्तांनीं धाडलेल्या वंशावळी, हें सर्व त्या एका यंत्रांत होतें. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं अर्ध्या तासांत 'सिस्टिम गेली, फॉरमॅट करावी लागेल' असा निकाल दिला, डिस्क पुसली, सर्व नव्यानें घातलें, आणि यंत्र चालू करून दाखवून आपली फी घेऊन ते गेले. यंत्र चाललें, टिपणें गेलीं. 'हें टाळतां आलें असतें काय?' असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे. टाळतां आलें असतें, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें कां, हें या महिन्यांत सविस्तर सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

पत्रांतील वर्णनावरून त्यांच्या यंत्रावर उबुंटू या नांवाचा लिनक्सचा प्रकार होता असें दिसतें. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून आहे. डेबियन, मिंट वगैरे भावंडांस तें थोड्याफार फरकानें लागू पडेल.

प्रथम हें कर्नेल म्हणजे काय तें पाहूं. लष्करांतील अधिकाऱ्याशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ गर, म्हणजे अक्रोडाच्या वा बदामाच्या कवचाआंतील खाण्याजोगा भाग, असा आहे. लेखनाचा, हिशेबाचा, छायाचित्रें पाहण्याचा असे जे अनेक प्रोग्रॅम आपण वापरतों, त्यांपैकीं एकालाही डिस्क, पडदा, कळफलक किंवा वायफाय यांना स्वतः हात लावतां येत नाहीं. प्रत्येकानें कर्नेलकडे मागणी करावयाची व कर्नेलनें ती पुरवावयाची. कोणास किती स्मृति द्यावी, कोणाची पाळी केव्हां, कोणती फाइल कोणास उघडूं द्यावी, हा सर्व निवाडा त्याच्याच हातीं. हेल्सिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्स यांनीं १९९१ च्या ऑगस्टमध्यें, आपण छंद म्हणून असें एक कर्नेल करीत आहों, असें जाहीर केलें. १९९४ च्या मार्चमध्यें त्याची १.० ही आवृत्ति निघाली. आज जगांतील हजारों माणसें त्यांत भर घालीत असतात. साधारण नऊदहा आठवड्यांनीं एक नवी मुख्य आवृत्ति बाहेर पडते आणि मधल्या काळांत बारीकसारीक दुरुस्त्या सारख्या चालूंच असतात. आपल्या घरच्या यंत्रावर 'सुधारणा' म्हणून येतें तें याच प्रवाहांतलें, उबुंटू किंवा डेबियनच्या मंडळींनीं गाळून व पारखून दिलेलें पाणी होय.

येथें कोणी म्हणेल, 'मग ही ब्याद हवीच कशाला? चालतें आहे तें चालूं द्यावें.' हा सल्ला दुकानदारांच्या तोंडून आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे, पण तो घातक आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्यें 'डर्टी काऊ' या विचित्र नांवानें प्रसिद्ध झालेला एक दोष उघडकीस आला. तो २००७ पासून कर्नेलमध्यें होता, आणि त्याचा फायदा घेऊन यंत्रावर साधा प्रवेश मिळालेला कोणीही मनुष्य सर्वाधिकारी होऊं शकत असे. नऊ वर्षें कोणाच्या लक्षांत न आलेली ती खिडकी सापडल्यावर बंद झाली ती नव्या कर्नेलनेंच. ज्यांनीं सुधारणा घेतली नाहीं त्यांच्या घरची खिडकी उघडी राहिली, आणि ती उघडी आहे हें तोंवर सर्व जगास ठाऊक झालें होतें. घरांतील कोणी त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करीत असेल, तर हा धोका पत्करणें शहाणपणाचें नव्हे.

सुधारणा घ्यावी तर यंत्र अडतें, न घ्यावी तर चोर शिरतो, असें हें कोडें दिसतें. तें सुटतें एका गोष्टीनें, आणि ती गोष्ट दुरुस्तीवाल्या गृहस्थांस माहीत असती तर आजचा लेखच लिहावा लागला नसता. लिनक्सच्या कर्त्यांनीं दोन निरनिराळे नियम पाळले आहेत. बाहेरच्या बाजूस, म्हणजे आपण वापरतों त्या प्रोग्रॅमांशीं वागतांना, कर्नेलनें आपला शब्द मोडावयाचा नाहीं; काल चालत असलेला प्रोग्रॅम नव्या कर्नेलमुळें आज बंद पडला तर तो दोष कर्नेलचा, असें टॉरव्हल्ड्स यांचें म्हणणें असून त्याविषयीं ते फार कडक आहेत. आंतल्या बाजूस मात्र कर्त्यांनीं स्वतःस पूर्ण मोकळीक ठेवली आहे. कर्नेलच्या पोटांतील रचना कोणत्याही आवृत्तींत बदलेल, व त्या रचनेवर कोणीं बाहेरून अवलंबून राहूं नये, हें त्यांनीं उघड लिहून ठेवलें आहे.

स्वयंपाकघराची उपमा येथें चांगली जुळते. फडताळांतील डबे कोठें ठेवावे हें घरच्या बायका वेळोवेळीं बदलतात. पंगतींत बसणाराला त्याचा पत्ताही लागत नाहीं, कारण पानांत मीठ डाव्या बाजूस व भाजी उजव्या बाजूस हा क्रम मोडत नाहीं. अडतो तो कार्यापुरता बाहेरून आणलेला आचारी. गेल्या खेपेस मिठाचा डबा होता त्या जागीं तो डोळे मिटून हात घालतो आणि पिठीसाखर आमटींत पडते. आपल्या यंत्रांतही असे बाहेरचे आचारी असतात. एनव्हिडिया कंपनीच्या पडदा-यंत्राचे, कांहीं ब्रॉडकॉम व रिअलटेक वायफाय-तुकड्यांचे, तसेच व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमचे ड्रायव्हर कर्नेलबरोबर न येतां वेगळे येतात. (एनव्हिडियानें आपल्या कर्नेल-मॉड्यूलांचा मूळ मजकूर २०२२ च्या मेमध्यें खुला केला, परंतु तीं मॉड्यूलें अजूनही बाहेरूनच येतात.) प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर हीं मॉड्यूलें नव्यानें बांधावीं लागतात. हें काम डीकेएमएस नांवाची एक योजना आपोआप करते. ती २००३ च्या सुमारास डेल कंपनींत निघाली. नव्या कर्नेलची आंतली मांडणी त्या ड्रायव्हरच्या समजुतीबाहेर गेली असेल तर तें बांधकाम फसतें. आमच्या पाहण्यांत आलेल्या तक्रारींपैकीं बऱ्याचशा याच जातीच्या आहेत.

आतां या दोन नियमांतून निघणारें व्यवहारी सूत्र पाहावें. बाहेरचा शब्द मोडत नसल्यामुळें आपले प्रोग्रॅम थोड्या जुन्या कर्नेलवरही तितकेच सुखानें चालतात. म्हणूनच नवें कर्नेल जुन्यावर लिहिलें जात नाहीं. तें डिस्कच्या 'बूट' नांवाच्या कप्प्यांत जुन्याच्या शेजारीं नवी फाइल म्हणून येऊन बसतें, आणि जुनें तेथेंच राहतें. फेडोरा तर ठरावानेंच तीन कर्नेलें बाळगते. आपलीं टिपणें, हिशेब, छायाचित्रें हीं 'होम' नांवाच्या अगदीं निराळ्या कप्प्यांत असतात आणि कर्नेल बदलण्याच्या क्रियेंत त्या कप्प्यास हातही लागत नाहीं. अर्थात् सकाळीं यंत्र अडलें याचा अर्थ घर जळालें असा नसून नव्या किल्लीनें कुलूप उघडत नाहीं, एवढाच आहे. जुनी किल्ली खुंटीवर असतां भिंत पाडण्याचें कारण काय?

ती जुनी किल्ली अशी काढावी. यंत्र चालू होतांच, कंपनीचें चिन्ह दिसत असतांना, एस्केप ही कळ एकदां दाबावी; फार जुनें यंत्र असल्यास शिफ्ट कळ दाबून धरावी. आदल्या खेपेस सुरुवात फसली असेल तर पुष्कळदां कळ न दाबतांही 'ग्रब' नांवाची यादी आपण होऊन पुढें येते. तींत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असते, ती निवडावी. आंत कर्नेलांचीं नांवें आंकड्यांसह दिसतील, उदाहरणार्थ ६.८.०-४५ व त्याखालीं ६.८.०-४४. वरचें तें नवें. त्याच्या खालचें, 'रिकव्हरी' हा शब्द नसलेलें, निवडून एंटर दाबावें. यंत्र काल होतें तसें चालू झालें, तर दोष नव्या कर्नेलच्या आसपास आहे हें सिद्ध झालें आणि घाईचें कारणही संपलें. मुलांचा अभ्यास व वडिलांचें लेखन चालूं देऊन बाकीचा विचार रविवारीं करावा. जुन्या कर्नेलनेंही यंत्र अडलें, तर मात्र दोष बहुधा अन्यत्र आहे: डिस्क, स्मृति किंवा दुसरी एखादी सुधारणा. हा एक प्रयोग पांच मिनिटांचा आहे, पण दुरुस्तीची दिशा तोच ठरवितो.

यादीच येत नसेल तर? तर उबुंटूची प्रत असलेली यूएसबी-कांडी लावून, 'ट्राय' म्हणजे 'वापरून पाहा' हा मार्ग घेऊन यंत्र त्या कांडीवरून चालू करावें, घरची डिस्क उघडावी आणि 'होम' कप्प्यांतील सर्व कांहीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावें. डिस्क सांकेतिक केली असेल तर तिचा परवलीचा शब्द लागेल; तो घरांत किमान दोघांस ठाऊक असावा. ही प्रत हातीं आल्यावर मग फॉरमॅटवाल्यांस खुशाल दार उघडावें. पत्रलेखकांसाठीं येथेंच सांगतों कीं त्यांच्या यंत्रांत फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असेल, तर तें यंत्र आजच बंद करावें व वापरूं नये. पुसल्यानंतर ज्या भागावर नवें लेखन झालें नाहीं तेथील मजकूर 'फोटोरेक'सारख्या साधनानें परत मिळण्याचा संभव असतो. फाइलींचीं नांवें जातील, पण दस्तऐवजांच्या प्रतिमा कदाचित् मिळतील. एसएसडी जातीची डिस्क असेल तर मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करून टाकते. त्यामुळें फारशी आशा धरवत नाहीं.

आतां नवें कर्नेल कां अडलें याचा शोध. त्यासाठीं पडद्यावरील ओळी हाच पुरावा; तो भ्रमणध्वनीनें टिपून ठेवावा. फार आरंभींच अडलेलें यंत्र आपली नोंद डिस्कवर लिहूं शकत नाहीं, म्हणून छायाचित्राचें महत्त्व. थोडें पुढें जाऊन अडलें असेल तर जुन्या कर्नेलवरून 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा, तिच्यापुढें 'वजा के' व 'वजा बी वजा एक' अशीं चिन्हें देऊन, आदल्या खेपेची कर्नेलची नोंद वाचतां येते.

ओळींत 'कर्नेल पॅनिक' आणि 'अननोन ब्लॉक' व कंसांत दोन शून्यें असें दिसलें, तर लोक घाबरून डिस्क मेली असें समजतात. बहुतेक वेळां तसें नसतें. कर्नेलबरोबर 'इनिटरॅमएफएस' नांवाची एक शिदोरी लागते. मुख्य डिस्क उघडण्यापुरतीं साधनें तींत बांधलेलीं असतात. ती शिदोरी नसली वा अर्धवट असली कीं कर्नेलला डिस्कच ओळखतां येत नाहीं. ती अर्धवट कां राहते? एक तर सुधारणा चालू असतांना वीज गेली, किंवा 'बूट' कप्पा भरला. डिस्क सांकेतिक केलेल्या यंत्रांत हा कप्पा स्वतंत्र व लहानसा असतो आणि जुनीं कर्नेलें सांचून तो भरतो. 'डीएफ वजा एच' या आज्ञेनें तो किती भरला तें दिसेल. भरला असल्यास तेथील फाइली हातानें खोडण्याचा मोह कटाक्षानें आवरावा. 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा द्यावी, म्हणजे चालू व अलीकडचीं कर्नेलें राखून बाकीचीं रीतसर निघतात. मग 'डीपीकेजी' ला 'कॉन्फिगर' सांगून अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करावी, 'अपडेट-इनिटरॅमएफएस' नें शिदोरी पुन्हां बांधावी, आणि 'अपडेट-ग्रब' नें यादी ताजी करावी. या आज्ञा सर्वाधिकाऱ्याच्या नात्यानें द्याव्या लागतात हें निराळें सांगणें नकोच.

ओळी कांहींच नाहींत, पडदा काळा, पण यंत्र आंत चालू असल्याचा आवाज येतो, असें असेल तर संशय पडद्याच्या ड्रायव्हरवर घ्यावा. ग्रबच्या यादींत नव्या कर्नेलवर उभें राहून 'ई' कळ दाबावी, 'लिनक्स' शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' हा शब्द लिहावा व एफ-१० दाबावी. त्या एका खेपेपुरता साधा पडदा मिळतो. मिळाला तर निदान निश्चित झालें. 'डीकेएमएस स्टेटस' या आज्ञेनें कोणतें मॉड्यूल कोणत्या कर्नेलसाठीं बांधलें गेलें आहे तें कळतें. नव्या कर्नेलपुढें नोंद नसेल तर त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ति घ्यावी.

वायफाय गेलें असेल तर वेगळीच पंचाईत होते, कारण औषध जालावर आणि जालाचा रस्ता बंद. अशा वेळीं भ्रमणध्वनि यूएसबी तारेनें जोडून त्याचें 'टेदरिंग' चालू करावें. यंत्रास त्या तारेंतून जाल मिळतें.

मोठ्या कुटुंबांत यंत्र एक आणि हात अनेक, यामुळें उद्भवणारी एक खास अडचण येथें नोंदवितों. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' नांवाचा पहारेकरी असतो. ज्यावर ओळखीची सही नाहीं असें मॉड्यूल तो आंत घेत नाहीं. बाहेरचा ड्रायव्हर घालतांना उबुंटू घरच्या घरीं एक सही तयार करते, एक परवलीचा शब्द ठरवून घेते, आणि पुढच्या सुरुवातीस एका निळ्या पडद्यावर तोच शब्द पुन्हां विचारून ती सही नोंदविते. हा निळा पडदा सुमारें दहा सेकंद थांबतो. रात्रीं काकांनीं ड्रायव्हर घातला व शब्द ठरविला; सकाळीं पुतण्यानें यंत्र चालू केलें, निळा पडदा पाहून तो कांहीं न करतां उभा राहिला; पडदा गेला, सही नोंदली गेली नाहीं, आणि नवा ड्रायव्हर नाकारला गेला. दोघेही निर्दोष, आणि दोष मात्र 'अपडेट'ला! उपाय सोपा आहे: 'मोकयूटिल' या आज्ञेनें तीच विनंती पुन्हां करतां येते, आणि या खेपेस ज्यानें शब्द ठरविला त्यानेंच यंत्राजवळ बसावें. सुधारणा घेण्याचा अधिकार घरांत एकाच व्यक्तीकडे असावा असें आम्ही सुचवितों. ती व्यक्ति वयानें वडील असलीच पाहिजे असें नाहीं. आमच्या माहितींतील एका घरांत हें काम धाकट्या सूनबाईंकडे आहे आणि तें फार चोख चालतें.

एवढ्यावरून कर्नेलच्या फेरबदलांत कागदपत्रांस कधींच धोका नसतो, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. २०२३ च्या डिसेंबरमध्यें ६.१.६४ या आवृत्तींतील एक दोष उघडकीस आला. डिस्कवर लिहिण्याची जी 'ई-एक्स-टी-४' पद्धति घरोघरच्या लिनक्समध्यें असते, तींत त्यामुळें मजकूर बिघडण्याचा संभव निर्माण झाला. डेबियनच्या मंडळींनीं आपली १२.३ ही आवृत्ति ऐन वेळीं रोखली आणि १० डिसेंबर रोजीं दुरुस्त केलेली १२.४ दिली. असे प्रसंग विरळा, परंतु ते घडतात. आणि नऊ वर्षांच्या टिपणांची एकच प्रत एकाच डिस्कवर ठेवणें हें कर्नेल कितीही चांगलें असलें तरी समर्थनीय नाहीं. प्रत काढावी ती वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम होतांच काढून कपाटांत ठेवावी.

विंडोज वापरणाऱ्या वाचकांस हें सर्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक ड्रायव्हरला मिळालेल्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून अडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास देण्याची वेळ आली. तेथेंही बिघाड गाभ्यांत बसलेल्या पाहुण्याचाच होता, आणि उपाय म्हणजे 'सेफ मोड'मध्यें यंत्र चालू करून ती एक फाइल काढून टाकणें. त्यासाठीं कोणाचीही डिस्क पुसण्याची गरज नव्हती.

शेवटीं, नवें कर्नेल आपल्या यंत्रास मानवत नाहीं असें ठरलेंच, तर 'एपीटी-मार्क होल्ड' ही आज्ञा व पुढें कर्नेलच्या पॅकेजचें नांव देऊन तें कांहीं काळ रोखून धरतां येतें. रोखल्याची तारीख पंचांगाच्या शेजारीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण हा अडसर यंत्र स्वतः कधींच आठवून देत नाहीं, आणि तो विसरला गेला म्हणजे घर पुन्हां २०१६ च्या त्या उघड्या खिडकीपाशीं येऊन उभें राहतें. महिन्याभरानें 'अनहोल्ड' करून पुढची आवृत्ति घ्यावी, ती शक्यतों शनिवारीं सकाळीं, प्रत काढून झाल्यावर, आणि मुलांची परीक्षा नसतांना.